चौदा नंबरचं फाटक

मार्च सरला की बोगद्याचं दार मी उघडतो.
हिवाळाभर आत वटवाघळं झोपलेली असतात,
त्यांच्या झोपेपायी वाट बंद. पाटी लावलेली आहे,
तरी दरसाल कुणीतरी कुलूप हलवून बघतंच.

मग ट्रेलर भरून चुनखडीचा चुरा आणायचा,
पाण्यानं कुरतडलेल्या कडा भरायच्या,
वर रोलर फिरवायचा.
पंचायत मला पगार देते तो एवढ्यासाठी.
इथलेच रूळ माझ्या बापानं उचकटले होते,
रेल्वेच्या शेवटच्या पगारावर,
एकेका बोल्टला शिवी देत.
स्लीपर गावात वाटले गेले.
कुणाच्या वाफ्यांना ते कडेला लागले,
कुणाच्या खुराड्याला उंबरा झाले.
अजूनही ऊन तापलं की त्यांतून डांबराचा वास सुटतो
आणि म्हातारी माणसं
बोलता बोलता बोगद्याकडे मान वळवतात.

सायकलवाले येतात मेपासून.
जाड टायर, हँडलला बांधलेल्या वळकट्या,
पोटऱ्यांवर पांढरी धूळ.
विचारतात, पुढे चढ किती?
आहे, म्हणतो मी, पण तुम्हाला कळणार नाही.
इंजिनाला चढ सोसत नसे हो,
म्हणून त्या लोकांनी टेकडी कापली, ओढ्यावर भराव घातला,
हजारात पंधराच्या वर कुठं जाऊ दिलं नाही.
कोळशाच्या दम्यासाठी केलेली ती मेहनत
आता तुमच्या गुडघ्यांच्या कामी येते.
हसतात. निघतात.
चाकांखालची करकर वळणाआड जाते
आणि उरतो तो चंडोल,
कुंपणापलीकडच्या पांढऱ्या गाईंचं
गवत तोडणं.

मोटार नाही.
ह्याच एका गोष्टीसाठी माणसं लांबून येतात.
दोन्ही तोंडांशी ओकचे खांब मीच रोवलेत:
सायकल जाईल, बाबागाडी जाईल,
कुत्र्यानं ओढलेला म्हातारा जाईल,
मोटार नाही.

फक्त जूनमध्ये, गवत वाळलं की, एक दिवस.

आनिसेचं कुरण वाटेच्या अल्याड, कोठार पल्याड,
आणि मधोमध गिस्लेनचं घर,
भिंतीवर मुलाम्याचा आकडा चौदा.
तिची आई इथली फाटकवाली.
फाटक भंगारात गेलं, आई गेली,
लाल निशाण राहिलं. काठी दोनदा बदलली,
कापड विटून विटेच्या रंगाचं झालंय.
मधल्या खांबाची एक किल्ली पंचायतीत असते,
दुसरी गिस्लेनच्या एप्रनच्या खिशात.
ती कुणी दिली ह्याची नोंद नाही.
मी दिली.

तर त्या दिवशी ती वाटेच्या मध्यावर उभी राहते,
अठ्ठ्याहत्तर वर्षांची, शिट्टी ओठांत.
आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे,
मग पुन्हा डावीकडे, खूप लांबवर,
जिथून आता काहीच येत नाही.
निशाण वर.

ह्या वर्षी अकरा जण अडकले.
एकाच्या हँडलवरचं यंत्र टुंई करून थांबलं.
तो म्हणाला, बाई, ह्या वाटेवर वाहनं नसतात.
ती म्हणाली, पाय टेका.
त्यानं पाय टेकला.

ट्रॅक्टर आला. एक फेरी, दोन, तीन.
गवताच्या काड्या उडून हेल्मेटांवर बसल्या,
एका पोरीनं आपल्या दंडावरची काडी उचलून
चावून बघितली.
यंत्रवाला घड्याळ बघत होता,
तिसऱ्या फेरीला विसरला.
चौथीला आनिसेनं टोपी उचलली,
तशी ती उगाच उचलतो, कुणासाठी ते कळत नाही.

कोठाराचं दार लागलं.
निशाण खाली आलं, तरी अकरातला एकही हलला नाही.
गिस्लेननं खांब बसवला, किल्ली फिरवली,
पुन्हा एकदा दोन्हीकडे बघितलं.
मग म्हणाली, जा आता.

संध्याकाळी चुऱ्यावर सांडलेलं गवत
मी झाडायला हवं होतं. थोडं झाडलं.
वहीत लिहिलं:
खांब क्रमांक तीन, बिजागरीला वंगण दिले.